गोवा, डिसेंबर १९६१: रेडिओ, वर्तमानपत्रं आणि न झालेले आठ दिवस

गोवा मुक्तीबद्दल आपल्याकडे सत्याग्रहींच्या बाजूने भरपूर लिहिलं गेलं आहे. आग्वादच्या कोठड्या, पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यातला तुरुंगवास, १५ ऑगस्ट १९५५ चा गोळीबार, हे सगळं बेळगाव-सावंतवाडी पट्ट्यातल्या घराघरांत माहीत आहे. पण शेवटची लष्करी कारवाई, म्हणजे ऑपरेशन विजय, हिच्याबद्दल लोक जरा हसूनच बोलतात. दीड दिवसात आटोपली, ती कसली लढाई? भारताचे २२ जवान पडले, पोर्तुगालचे ३० च्या आसपास. त्याच्यापेक्षा जास्त माणसं घाटातल्या अपघातांत जातात, असं मला एकाने ऐकवलं होतं.

मी व्यवसायाने इंजिनियर. इतिहासाची गोडी नंतर लागली, आणि ती लागली तीही तारा, खांब, अँटेना अशा वस्तूंमधून. त्यामुळे असेल, पण १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळचा तपशील वाचताना मी एका ठिकाणी अडकलो. भारतीय हवाई दलाने त्या सकाळी दोन मोठी लक्ष्यं निवडली होती. एक दाबोळीची धावपट्टी. तिच्यावर १२ कॅनबेरा विमानांनी मिळून ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. धावपट्टीवर पहिला मारा होणं समजण्यासारखं आहे. दुसरं लक्ष्य होतं बांबोळीचं रेडिओ केंद्र. तिथे सहा हंटर विमानं गेली आणि त्यांनी रॉकेटांनी नि तोफांनी ते बंद पाडलं. दारूगोळ्याचं कोठार किंवा बराकी सोडून रेडिओला एवढा मान का मिळाला?

याचं सरळ उत्तर लष्करी पाठ्यपुस्तकात आहे: शत्रूचा संपर्क तोडावा. पण इथे त्याहून जास्त काहीतरी होतं. ही लढाई प्रामुख्याने बातमीसाठी लढायची होती. निदान लिस्बनमध्ये तरी तसं ठरलं होतं.

सालाझारने १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांना पाठवलेला संदेश आता सर्वांना माहीत आहे. तह नाही, युद्धकैदी नाहीत, शरण गेलेली जहाजं नाहीत. सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले, असा त्याचा मथितार्थ. या संदेशातला हुतात्म्यांचा भाग लोक लक्षात ठेवतात, मुदतीचा भाग विसरतात. अपेक्षा अशी होती की गोव्याने निदान आठ दिवस टिकाव धरावा. आठच का? कारण तेवढ्या वेळात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आवाज उठवू शकेल, मित्रराष्ट्रांवर दबाव आणू शकेल, जगातल्या वर्तमानपत्रांत रोज एक मथळा येईल. साडेतीन हजारांच्या आसपासचं सैन्य, एकही लढाऊ विमान नाही, बंदरात एक जुनी युद्धनौका. एवढ्यावर भारताला थोपवता येणार नाही हे लिस्बनच्या सेनाधिकाऱ्यांनाही कळत होतं. गोव्याचं सैन्य त्यांनी स्वतःच आधीच्या काही वर्षांत बरंच कमी केलं होतं. म्हणजे हे आठ दिवस गोवा वाचवण्यासाठी नव्हतेच. ते आठ दिवसांच्या बातम्यांसाठी होते, आणि त्या बातम्यांचा कच्चा माल म्हणजे पणजी, म्हापसा, मडगाव.

सालाझारला अशा चित्रांची आवड होती याचा पुरावा त्याच वर्षीचा आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीने आजूदा नावाचा पोर्तुगीजांचा चिमुकला किल्ला ताब्यात घेतला. आत मूठभर माणसं होती. लढण्याचा प्रश्नच नव्हता. तरी किल्ला सोडण्याआधी पेटवून द्या असा हुकूम होता आणि तिथल्या अधिकाऱ्याने आग लावून पाहिली. आजूदाच्या जागी पणजी घालून बघा, म्हणजे १४ डिसेंबरचा संदेश नीट समजतो.

आता थोडं मागे जाऊ. गोव्यात बातमीचा कारभार कसा चालत होता हे पाहिल्याशिवाय बांबोळीचं महत्त्व कळणार नाही.

सालाझारच्या राज्यात छापलेला प्रत्येक शब्द सेन्सॉरकडून जायचा. लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीसाठी न्यावी लागे, असं अनेक गोमंतकीयांनी लिहून ठेवलं आहे. केप्याहून 'भारत' काढणारे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांच्यामागे त्याआधीपासूनच खटल्यांचा ससेमिरा होता. पुढच्या पिढीतल्यांनी शहाणपणा करून हद्दीबाहेर ठाणं मांडलं. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा मुंबईहून 'फ्री गोवा' काढत. इकडे बेळगावात बाबूराव ठाकुरांचा 'तरुण भारत' होताच. पण १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली, रेल्वे तोडली, तेव्हा हे कागद आत जाणंही अवघड झालं. चोरून गेलेला एक अंक दहा घरांत फिरे हे खरं, पण ज्याच्याकडे तो सापडे त्याची रवानगी कुठे होई तेही खरं.

हवेला मात्र जकात नाका नसतो. एमिसोरा दि गोवा, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडचा रेडिओ गोवा, हे त्या काळात चांगलं ताकदवान केंद्र होतं आणि त्याचा आवाज गोव्याच्या हद्दीबाहेर खूप लांब जाई. त्याला आपल्याच एका मराठी माणसाने हातभार लावला असं म्हणायला हरकत नाही. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला. बहुतेकांचा सिलोनवर जाऊन थांबला, काहींचा गोव्यावर. दोन गाण्यांच्या मध्ये लिस्बनची बाजूही कानावर पडायची. सरकारी शुचितेचा असा उलटा परिणाम इतिहासात वारंवार दिसतो.

या एमिसोराला उत्तर द्यायला जो रेडिओ उभा राहिला, त्याची गोष्ट आपल्या भागातली आहे आणि ती पुरेशी सांगितली गेलेली नाही. १९५४ मध्ये दादरा नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पळालेल्या पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच हाती लागले. त्यांच्यातून एक प्रक्षेपक तयार करण्यात आला आणि ट्रकवर चढवून जंगलात नेण्यात आला. पहिलं प्रक्षेपण २५ नोव्हेंबर १९५५ रोजी झालं. तारीख मुद्दाम निवडलेली: २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. केंद्राचं नाव मुक्तीचा आवाज. कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये कार्यक्रम. चालवणारी मंडळी म्हणजे वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि सुरुवातीच्या काळात निकोलाव मिनेझिस. आधी मुक्काम आंबोलीच्या जंगलात, नंतर कॅसलरॉकच्या. शेवटचे काही दिवस बेळगावात.

आंबोली उंचावर म्हणून निवडली, असं सहज वाटतं. मला ते पटत नाही. टीव्हीसाठी किंवा आताच्या एफएमसाठी डोंगर लागतो, शॉर्टवेव्हला लागत नाही. नळीने पाणी थेट छताकडे उडवलं तर ते छतावर आपटून खाली सगळीकडे पडतं, तसं शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यातल्या लहरीचं होतं. दोन झाडांमध्ये फार उंच नसलेली आडवी तार बांधली की लहर जवळजवळ सरळ वर जाते, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतते आणि आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरांवर पावसासारखी पडते. मध्ये सह्याद्री असो नाहीतर आणखी काही, सावली पडत नाही. काणकोणपासून पेडण्यापर्यंतचा गोवा या पावसात आरामात भिजेल. शिवाय लहर वरून येत असल्याने साध्या दिशाशोधक यंत्राने ती नेमकी कुठून निघते ते काढणं कटकटीचं होतं. तेव्हा आंबोलीचं मोल माझ्या मते उंचीत कमी आणि दाट रानात व हद्दीच्या जवळिकीत जास्त होतं. उलट तिथला पाऊस ही यंत्रांना शिक्षाच. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत ते गाव मोडतं. जून ते सप्टेंबर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर कोरडे ठेवणं म्हणजे काय, ते ज्यांनी ओल्या भिंतीला टेकून फ्यूज बदललाय त्यांना विचारा.

त्या दोघांनी हे काम थोडंथोडकं नाही, सहा वर्षं केलं. लिबियाबाई मुंबईत आकाशवाणीत नोकरी केलेल्या, कायदा शिकलेल्या. त्यांनी घरादाराशी संबंध तोडून, कुणाला ठिकाण न सांगता रानात राहायचं. रोज वर्तमानपत्रं मिळवायची, एमिसोराचं प्रक्षेपण ऐकायचं, त्यातल्या मुद्द्यांना उत्तर लिहायचं, आणि ते ठरलेल्या वेळी बोलायचं. १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला, तेव्हा गोव्यातल्या सेन्सॉरने ज्या गोष्टी गाळल्या त्या या केंद्राने सांगितल्या. पोर्तुगीज भाषेतल्या कार्यक्रमाचा रोख गोव्यातल्या पोर्तुगीज सैनिकांवरही होता. परक्या मुलखात, घरापासून हजारो मैलांवर बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला त्याच्याच भाषेत रोज कुणीतरी सांगतंय की तुझ्या सरकारने तुला इथे मरायला ठेवलंय. अशा बोलण्याचा परिणाम मोजायला मीटर नसतो. पण डिसेंबर १९६१ मध्ये बहुतेक तुकड्यांनी फारशी न लढता शस्त्रं खाली ठेवली, त्याच्या कारणांत हेही एक धरायला हवं.

आता एक अडचणीचा मुद्दा. हे केंद्र 'भूमिगत' म्हणवत असे. भारताच्या हद्दीत, परवान्याशिवाय, सहा वर्षं रोज बोलणारा प्रक्षेपक सरकारच्या संमतीशिवाय चालणं शक्य नाही. बिनतारी संचाच्या परवान्यासाठी सरकारी कचेऱ्यांत काय काय करावं लागतं हे मी नोकरीत असताना पाहिलेलं आहे, म्हणून हे ठामपणे म्हणतो. त्याने सरदेसाई-लोबोंच्या त्यागाला बाध येत नाही. पण या केंद्राला निव्वळ वृत्तसेवा म्हणणंही बरोबर नाही. ते एका बाजूचं होतं आणि उघडपणे होतं. माझ्या मते त्याची बाजू न्याय्य होती. तरी न्याय्य बाजूचा प्रचार हाही प्रचारच.

आणि १९६१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी जे केलं ते पाहिलं की हा भेद सांभाळायला हवा हे पटतं. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. कारवारच्या बाजूच्या मच्छीमारांच्या होडीवरही झाला आणि त्यात एक जण दगावला. या घटना खऱ्या होत्या आणि संताप येणारच. बेटावरच्या पोर्तुगीजांचं म्हणणं असं की त्यांना बोटीतून हल्ला होईल अशी भीती वाटली. भारत बेटं घेणार अशा बातम्या आणि अफवा महिनोन्महिने ऐकून त्यांची बोटं चापावर होती, आणि त्यांनी झाडलेल्या गोळीतून पुढची बातमी तयार झाली. त्यानंतर आपल्या पत्रांतून पोर्तुगीज फौजा मोठ्या संख्येने जमत आहेत, नवी कुमक आली आहे, हद्दीवर चकमकी होत आहेत अशा मजकुराची रीघ लागली. प्रत्यक्षात गोव्यातली फौज मोजायची वेळ आली ती १९ डिसेंबरनंतर, कैदी म्हणून, आणि ती तीन हजारांच्या थोडी वर भरली. विमानवेधी तोफांचं म्हणावं असं बळ नाही, लढाऊ विमान नाही, नवी कुमक नाही. हद्दीवर फिरून आलेल्या काही परदेशी वार्ताहरांनी हल्ल्याआधीच लिहिलं होतं की पलीकडे तशी जमवाजमव दिसत नाही. त्यांच्यावर आपल्याकडे टीका झाली. त्यांच्यातल्या काहींचा भारताबद्दलचा आकस मलाही दिसतो, पण फौजेच्या आकड्याबाबत ते बरोबर होते.

गंमत म्हणजे गुप्तता कुठेच नव्हती. सैन्य बेळगावकडे आणण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द झाल्या, ते सगळ्या देशाला कळलं. कारवाईची तारीख पुढे-पुढे सरकत गेली. बेळगावात वार्ताहरांचा राबता वाढला. ज्याला डोळे होते त्याला दिसत होतं. एका अर्थाने वर्तमानपत्रं हाच दिल्लीने लिस्बनला दिलेला निरोप होता: आम्ही येतो आहोत, बघा काय ते. लिस्बनने तो निरोप वाचला आणि उत्तरादाखल १४ डिसेंबरची तार पाठवली.

दक्षिण विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधुरी यांना बातमीचं मोल पुरेपूर माहीत होतं. हैदराबादकरांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९४८ च्या पोलीस कारवाईत सोलापूरकडून शिरलेली फौज त्यांचीच आणि नंतरचे लष्करी गव्हर्नरही तेच. तिथेही शेवट रेडिओवर झाला: १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने स्वतः डेक्कन रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली आणि लढाई थांबली. याच चौधुरींबद्दल पुढे उघड झालं की सैन्यात असतानाच ते 'स्टेट्समन'मध्ये नाव न देता लष्करी विषयांवर लिहीत असत. सेनापती आणि वार्ताहर एकाच टोपीखाली! आज असं काही निघालं तर केवढा गहजब होईल.

तर अशी ही पार्श्वभूमी घेऊन १८ डिसेंबर उजाडला. बांबोळी सकाळीच गप्प झाली. लिस्बनशी बोलायला आता मुख्य साधन उरलं ते मुरगाव बंदरातल्या 'आफोन्सो द आल्बुकेर्क' या युद्धनौकेचा बिनतारी संच. दुपारी बाराच्या सुमारास 'बेतवा' आणि 'बियास' या भारतीय नौकांशी तिची गाठ पडली. कप्तान आरागांव जबर जखमी झाले, आणि तासाभरात ती जहाजं-तोफांच्या काळातली म्हातारी नौका किनाऱ्यावर चढवावी लागली. किनारा कुठला, तर बांबोळीचा. सकाळी जिथला रेडिओ गेला, त्याच गावच्या वाळूवर दुपारी राखीव रेडिओ रुतला. अशा योगायोगाला काही अर्थ नसतो, पण नकाशावर तो पाहिल्यावर मी काही वेळ पेन्सिल खाली ठेवली हे खरं.

इथून पुढे व्हासालो ई सिल्वा जवळजवळ एकटे होते. माझं मत असं की संपर्क तुटणं ही त्यांच्यासाठी आपत्तीपेक्षा मोकळीक ठरली. रोज, तासातासाला लिस्बनहून 'अजून धरा' असा संदेश येत राहिला असता तर त्या शिस्तीत वाढलेल्या अधिकाऱ्याला तो मोडणं कितपत जमलं असतं? त्यांचा कल आधीपासून दिसत होता. काही दिवसांपूर्वी 'इंडिया' हे जहाज मुरगावला आलं, तेव्हा लिस्बनची मनाई असतानाही त्यांनी सातशेच्या आसपास बायका-मुलांना त्यात बसवून पाठवलं. त्या जहाजाची सोय चारशेचीही नव्हती. बातमीच्या दृष्टीने पाहिलं तर ही मुलं गोव्यात असणं लिस्बनला सोयीचं होतं. गव्हर्नरने ती सोय काढून घेतली.

१८ च्या संध्याकाळी भारतीय रणगाडे मांडवीच्या पलीकडे, बेतीला येऊन उभे राहिले. माघार घेताना पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, त्यामुळे थोडी खोटी झाली. १९ च्या सकाळी ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या छत्रीधारी ब्रिगेडचे जवान नदी ओलांडून पणजीत आले. शहरात लढाई झाली नाही. आज आपण फोंतेन्यशमधून फिरतो, ती रंगीत घरं, त्या अरुंद गल्ल्या, त्या तशाच उभ्या आहेत याचं एक कारण हे की त्या दिवशी तिथे कुणी तोफ लावली नाही. त्याच दिवशी रात्री साडेआठला गव्हर्नरने वास्कोत शरणागतीवर सही केली. आठ दिवसांतले दोनही पुरे झाले नव्हते.

वेगाचा उद्देशही हाच होता. न्यूयॉर्कला सुरक्षा समिती बसली १८ तारखेला. अमेरिकेचे अडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली, युद्धबंदीचा ठराव आला, रशियाने नकाराधिकार वापरला. ही चर्चा चालू असताना रणांगणावर चर्चा करण्याजोगं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी मग आपला मोर्चा नेहरूंकडे वळवला: अहिंसेचे धडे देणाऱ्याने हे काय केलं, कृष्ण मेननना उत्तर मुंबईची निवडणूक जिंकायची होती म्हणून हे घडवलं, वगैरे. मेनन फेब्रुवारी १९६२ मध्ये आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते ही गोष्ट खरीच. आफ्रिका-आशियातल्या नव्या देशांत मात्र सूर एकदम वेगळा होता. एकच घटना, दोन जगांत दोन बातम्या. तो वाद अजून संपलेला नाही आणि मला तो इथे सोडवायचाही नाही.

शरणागतीनंतर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना हवाई दलाच्या विमानात बसवण्यात आलं. विमानात प्रक्षेपक आणि ध्वनिवर्धक. गोव्यावर घिरट्या घालत त्यांनी कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगितलं की पोर्तुगीज शरण आले, गोवा मुक्त झाला. खाली पत्रकंही टाकली. सहा वर्षं ज्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता त्यांनी ही शेवटची बातमी दिली, तीही आकाशातूनच. पुढे दोघांनी लग्न केलं. वामनरावांना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली. लिबियाताईंना ती २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर मिळाली. आपल्या सरकारांना घाई नसते.

आणि लिस्बन? तिथे गोव्याशी तार तुटलेली, पण छापखाने चालू. बातमी येत नव्हती तेव्हा बातमी घडवण्यात आली. वर्तमानपत्रांत हातघाईच्या लढाईचं, शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणाऱ्या शूरांचं वर्णन येत राहिलं. पोर्तुगीज सेन्सॉरची निळी पेन्सिल प्रसिद्ध होती. एरवी ती मजकूर कापायची, त्या आठवड्यात तिला काही कापायला कारण नव्हतं. सिनेमागृहं, नाट्यगृहं बंद राहिली. हजारो लोक मूक मोर्च्याने कॅथेड्रलपर्यंत गेले. त्या मोर्च्यातल्या आयांना आपले मुलगे मेले असंच वाटत होतं. मुलगे फोंड्याच्या आणि वास्कोच्या छावण्यांत कैदी म्हणून बसले होते, जिवंत.

३ जानेवारी १९६२ रोजी सालाझारला राष्ट्रीय सभेत गोव्यावर भाषण करायचं होतं. त्या दिवशी त्याचा आवाज बसला. भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं.

कैद्यांचं काय करायचं हा पोर्तुगालपुढे विचित्र पेच होता. ज्यांना कागदावर हुतात्मे करून ठेवलं होतं, ते तीन हजार लोक परत येणार होते. वाटाघाटी रेंगाळल्या आणि मे १९६२ पर्यंत ते छावण्यांत राहिले. मग कराचीमार्गे त्यांना नेण्यात आलं. लिस्बनच्या बंदरावर त्यांच्या स्वागताला बँड नव्हता, बंदूकधारी लष्करी पोलीस होते. त्यांना पुराव्यासारखं लपवण्यात आलं, कारण प्रत्येक परतलेला शिपाई हा डिसेंबरातल्या बातम्यांचा चालता-बोलता खुलासा होता.

व्हासालो ई सिल्वा यांना १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फ केलं. पोर्तुगालमध्ये त्यांच्या नावावर कोटी झाली: 'व्हासिला ई साल्वा', म्हणजे डळमळतो आणि वाचवतो. चेष्टेने केलेली असली तरी मला ती त्यांच्या कारकिर्दीचं बरंच अचूक वर्णन वाटते. १९७४ मध्ये लिस्बनची राजवट उलथल्यावर त्यांचा हुद्दा परत मिळाला. नंतर ते एकदा गोव्यात येऊन गेले. ज्यांच्यावर त्यांनी राज्य केलं त्या लोकांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं. तोवर पणजीत 'गोमंतक' हे मराठी दैनिक सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा पहिला अंक २४ मार्च १९६२ चा, संपादक बा. द. सातोस्कर. तो निघाला तेव्हा पोर्तुगीज कैदी अजून फोंड्याच्या छावणीतच होते.